काळ्या लॅब्राडोरच्या पोटी पिवळं पिल्लू

कुत्री पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज गेली काही वर्षं फिरतोय. मध्ये थोडे दिवस थंडावतो, पुन्हा कुणीतरी उकरून काढतं. मथळा असतो ‘शुद्ध लॅब्राडोर रंगावरून ओळखा’ आणि खाली हे:

‘काळ्या जोडीला काळीच पिल्लं होतात. वेतात एक जरी पिवळं किंवा चॉकलेटी निघालं तर रक्तात भेसळ आहे. रंग नेहमी बापाचा उतरतो. चॉकलेटी रंग काळा आणि पिवळा मिसळून होतो. मादीला एकदा दुसऱ्या जातीचा नर लागला की पुढची सगळी वेतं बाद. सिल्वर हा लॅबचा मूळ आणि सगळ्यात शुद्ध रंग. चॉकलेटी लॅब मठ्ठ असतो. छातीवर पांढरे केस दिसले तर पिल्लू परत करा.’

माझी काळी मादी काळ्या नरापासून व्याली तेव्हा आठातली दोन पिल्लं पिवळी निघाली, आणि हाच मेसेज मला तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. एकाने तर वर ‘वाईट वाटलं’ असंही लिहिलं होतं. त्यामुळे हा प्रतिवाद थोडा सुडाचाही आहे, हे आधीच कबूल करतो.

पहिल्या दाव्यावर जरा जास्त वेळ घालवू, कारण बाकीचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच. एक गडद, युमेलॅनिन. दुसरं पिवळट-तांबूस, फिओमेलॅनिन. लॅबचे तिन्ही मान्य रंग, म्हणजे काळा, पिवळा आणि चॉकलेटी, मुख्यतः दोन जनुकांच्या खेळातून येतात. पहिल्याला ‘ई’ म्हणतात. ते रंगपेशीच्या पृष्ठभागावरच्या एमसी१आर या ग्राहीचं जनुक. ही ग्राही चालू असली तर पेशी केसात गडद रंगद्रव्य भरते, आणि बंद पडली तर केसाच्या वाट्याला फक्त पिवळं येतं. दुसरं जनुक ‘बी’, म्हणजे टीवायआरपी१. गडद रंगद्रव्य काळं बनायचं की तपकिरी, एवढंच ते ठरवतं.

प्रत्येक पिल्लाला दोन्ही जनुकांची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. ‘ई’ची एक जरी प्रत चालू असली तरी ग्राही काम करते, म्हणून पिवळ्या रंगासाठी दोन्ही प्रती बंद लागतात. तसंच, ‘बी’ची एक जरी प्रत काळी असली तरी रंग काळाच, चॉकलेटीसाठी दोन्ही तपकिरी हव्यात. शाळेत प्रभावी आणि अप्रभावी म्हणून शिकवतात ते हेच, फक्त वाटाण्यांऐवजी पिल्लं.

म्हणजे काळा दिसणारा लॅब आत चार प्रकारचा असू शकतो. नुसता काळा, पिवळं दडवून बसलेला, चॉकलेटी दडवून बसलेला, किंवा दोन्ही दडवलेला. बाहेरून चौघे एकसारखे. दोन्ही दडवलेल्या काळ्या नराची आणि तशाच काळ्या मादीची जोडी लावली, तर दर सोळा पिल्लांमागे सरासरी ९ काळी, ३ चॉकलेटी आणि ४ पिवळी असा हिशेब पडतो. त्या चार पिवळ्यांतल्या एकाचं नाक तपकिरी असतं, कारण त्याच्याकडे ‘बी’च्याही दोन्ही प्रती तपकिरी आलेल्या असतात. ‘ई’ बंद पडल्याने केसातला गडद रंग जातो, नाकाच्या कातडीतला जात नाही. म्हणून पिवळ्या लॅबच्या पोटात काय आहे त्याचा निम्मा हिशेब त्याच्या नाकावर वाचता येतो. (थंडीत काळं नाक फिकं पडतं ती गोष्ट वेगळी. तिचा या हिशेबाशी संबंध नाही.)

आता कुणी म्हणेल, आमच्या जोडीला दोन वेतं झाली, एकही पिवळं नाही, तेव्हा आमचं रक्त स्वच्छ. घाई नको. दोघंही पिवळं दडवून असले तरी प्रत्येक पिल्लू पिवळं नसण्याची शक्यता चारात तीन. आठ पिल्लांच्या वेतात एकही पिवळं नसण्याची शक्यता जवळपास १० टक्के भरते. आणि दोघांपैकी एकाकडेच बंद प्रत असेल, तर शंभर पिल्लं झाली तरी पिवळं दिसणार नाही. ती बंद प्रत निम्म्या पिल्लांत उतरत राहील आणि पुढे कधीतरी तशीच जोडी जुळली की वर येईल. पेडिग्रीत पाच पिढ्या काळे लिहिलेत, ही सबब म्हणूनच इथे चालत नाही.

इतिहासही मेसेजच्या बाजूने नाही. नोंदीतला पहिला पिवळा लॅब म्हणून ज्याचं नाव घेतात तो बेन ऑफ हाइड इंग्लंडमध्ये १८९९ साली जन्मला, काळ्या आईबापांच्या पोटी. चॉकलेटी पिल्लांची नोंद त्याच्याही आधीची, १८९२ची, ड्यूक ऑफ बकलू यांच्या कुत्र्यांतली. ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्राडोर ही जात मान्य केली १९०३ साली. जातीवर शिक्का बसला तेव्हा हे दोन्ही रंग घरात येऊन बसलेले होते.

पण या कसोटीचा खरा दोष वेगळाच आहे. ती चांगल्या पिल्लाला बदनाम करते हे एक, आणि जिथे खरोखर भेसळ असते तिथे गप्प बसते हे त्याहून वाईट. लॅबच्या काळेपणामागे ‘के’ नावाचं तिसरं एक जनुक आहे. त्याची काळी प्रत प्रभावी असते आणि जवळजवळ सगळ्या लॅबमध्ये ती दुहेरी असते. काहीही न दडवलेल्या काळ्या लॅबची जोडी जर्मन शेफर्डशी लावली, तर पिल्लं बहुधा सरसकट काळी निघतात. मेसेजच्या नियमाने हे वेत शंभर नंबरी सोनं ठरतं! आणि दोन अस्सल लॅबचं पिवळं पिल्लू दारातून परत जातं.

रंगावरून काही सिद्ध होतच नाही का? होतं. दोन पिवळ्या लॅबना पिवळीच पिल्लं होतात, कारण दोघांकडे ‘ई’ची चालू प्रतच नाही. दोन चॉकलेटी लॅबना चॉकलेटी किंवा पिवळी होतील, काळी नाही. अशा वेतात काळं पिल्लू निघालं तर प्रश्न विचारायलाच हवा. त्याचं उत्तरही बहुतेक वेळा साधं असतं: दुसरा नर. मादी माजावर असते ते काही दिवस, आणि त्या काळात दोन नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात. कुंपणावरून उडी मारून गेलेला शेजारचा काळा नर काही पेडिग्रीत सही करत नाही. इथे डीएनए चाचणी करून बाप कोण ते पाहावं, वाद संपतो.

‘रंग बापाचा उतरतो’ आणि ‘चॉकलेटी म्हणजे काळा अधिक पिवळा’ हे दोन्ही दावे एकाच जोडीने निकालात निघतात. बाप पिवळा घ्या, काळ्या नाकाचा, चॉकलेटी न दडवलेला. आई चॉकलेटी घ्या, पिवळं न दडवलेली. वेतात एकजात काळी पिल्लं. एकही बापावर नाही, एकही आईवर नाही. आईने ‘ई’ची चालू प्रत दिली, बापाने ‘बी’ची काळी प्रत दिली, आणि दोघांकडे स्वतःसाठी जे नव्हतं ते पिल्लांत जुळून आलं. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला बसणारा धक्का खरा असतो. मेसेज लिहिणाऱ्याने असं एखादं वेत पाहिलं असतं तर बाकीची वाक्यं लिहायला त्याचा हात धजावला नसता. रंगाच्या डब्यासारखं मिसळणं इथे नाहीच. चॉकलेटी केसात काळ्याच रंगद्रव्याचा बदललेला अवतार असतो, पिवळं ओतून केलेली मिसळ नसते. फिक्या सायीपासून कोल्ह्यासारख्या तांबड्यापर्यंतच्या छटाही पिवळ्यातच मोडतात. त्यांचा गडद-फिकेपणा आणखी वेगळी जनुकं ठरवतात.

मादी ‘बाद’ होते हा दावा सगळ्यात जुना, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मजेदार. त्याच्या पाठीशी एकेकाळी मोठी माणसं उभी होती. स्कॉटलंडच्या लॉर्ड मॉर्टन यांनी एका तांबूस अरबी घोडीला क्वॅगा लावला होता. क्वॅगा म्हणजे झेब्र्याचा अर्ध्या अंगावर पट्टे असलेला भाऊबंद, आता नामशेष. पुढे त्याच घोडीला अरबी घोड्यापासून शिंगरं झाली, त्यांच्या पायांवर पट्टे दिसले. हे १८२१ साली छापून आलं आणि पुढची पाऊणशे वर्षं लोकांनी, अगदी डार्विननेही, ते खरं मानलं. शेवटी एडिनबरोचे प्राणिशास्त्रज्ञ जेम्स कोसार एवर्ट यांनी १८९० च्या दशकात घोड्यांच्या माद्यांना आधी झेब्रा आणि मग घोडा लावून पाहिलं. आधीच्या नराची छाप नंतरच्या शिंगरांवर सापडली नाही. फिकट पट्टे तर झेब्रा कधी न पाहिलेल्या घोड्यांच्या शिंगरांवरही दिसतात. कुत्रीचंही तेच. नराचं बीज त्या वेतापुरतं. पुढच्या माजाला नवी बीजं, नवा हिशेब. चुकून लागलेल्या एका नरामुळे चांगल्या मादीचं प्रजनन कायमचं थांबवणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी एवर्ट वाचला नाही म्हणून दोष देत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी मिटलेला वाद त्या बिचारीच्या माथी कशाला?

सिल्वरच्या बाबतीत मात्र मला थोडं कडक बोलावं लागेल, कारण तिथे अज्ञानाच्या मागे विक्री उभी असते. सिल्वर हा लॅबचा वेगळा रंग नाही. तो फिका केलेला चॉकलेटी आहे. ‘डी’ नावाचं जनुक, एमएलपीएच, रंगद्रव्याचे कण केसात सारखे पसरवायच्या कामात असतं. त्याच्या दोन्ही प्रती सदोष आल्या की कणांच्या गुठळ्या होतात आणि रंग फिका भासतो. काळ्यावर हे घडलं की चारकोल, चॉकलेटीवर सिल्वर, पिवळ्यावर शॅम्पेन. जातीच्या मानकात रंग तीनच, आणि त्यांत यांच्यापैकी एकही नाही. तेव्हा ‘मूळ’ आणि ‘सगळ्यात शुद्ध’ कुठून आलं ते विकणाऱ्यालाच विचारायचं.

ही प्रत लॅबमध्ये शिरली कशी यावर दोन तट आहेत. एक म्हणतो ती आधीपासून दडलेली होती, दुसरा बोट दाखवतो वायमारनरकडे, ज्या जातीत राखाडी रंग हाच नेम आहे. नेहमीची जनुक चाचणी या भांडणात पंच होऊ शकत नाही. प्रत आहे की नाही एवढंच ती सांगते. तीच प्रत कितीतरी जातींत असल्याने ती कुणाकडून आली हे तिला कळत नाही. सिल्वर म्हणजे हमखास भेसळ, असंही म्हणूनच मी म्हणणार नाही. विकणारे त्याला ‘दुर्मिळ’ म्हणतात, ते मात्र सोडा. दोन सिल्वरची जोडी लावली की सगळी पिल्लं फिकीच होतात. दुर्मिळ वस्तू अशी मागणीनुसार निघत नसते. आणि अशा फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस तरुणपणीच विरळ होऊन गळतात, कातडी खवल्यासारखी होते. सगळ्यांना होत नाही, पण जाहिरातीत कुणालाच होत नाही.

चॉकलेटी मठ्ठ? ‘बी’ जनुक रंगद्रव्याचं काम पाहतं, अकलेचं नाही. शिकारीच्या आणि कामाच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या काळ्यांना पसंती मिळाली, तर चॉकलेटी पिल्लं बऱ्याचदा रंगासाठी काढली गेली. फरक दिसलाच तर तो घराण्याचा असण्याची शक्यता जास्त. मेसेज इथे जे सोडून देतो ते मात्र महत्त्वाचं आहे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवरून ३३ हजारांहून अधिक लॅबचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात चॉकलेटींचं मध्यक आयुष्य १०.७ वर्षं आणि बाकीच्यांचं १२.१ वर्षं आढळलं. कानाच्या दाहाचं प्रमाण चॉकलेटींत २३.४ टक्के, पिवळ्यांत १७, काळ्यांत १२.८. रंगाने आजार होतो असं अभ्यासकांनी म्हटलेलं नाही. अप्रभावी रंग हवा म्हणून ठरावीक कुत्र्यांतच जोड्या लावत गेलं की निवड आकसते आणि रंगासोबत इतर दोषही गोळा होत जातात, असा त्यांचा अंदाज. तेव्हा चॉकलेटी पिल्लू घेणाऱ्याने त्याच्या हुशारीची चिंता सोडून आईबापांचे कान आणि कातडी बघावी.

राहिले छातीवरचे पांढरे केस. छातीवर छोटा पांढरा ठिपका मानकालाच चालतो. पंजाच्या मागच्या बाजूला, गादीपाशी पांढरे केस असले तर जुनेजाणते लोक त्याला ‘बोलो पॅड’ म्हणतात. हे नाव बँचरी बोलो या काळ्या कुत्र्यावरून पडलं. तो १९१५ साली जन्मला. प्रदर्शनातही आणि मैदानातही अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला लॅब्राडोर, आणि आजच्या कितीतरी लॅबच्या पेडिग्रीत मागे जात राहिलं की तो भेटतो. मेसेजप्रमाणे वागायचं तर त्याची खूण अंगावर घेऊन आलेलं प्रत्येक पिल्लू परत करावं लागेल.