व्हॉल्यूम ग्रुपचं नाव खरंच काहीही चालतं?

लिनक्समध्ये एलव्हीएम डिस्क एकत्र करून व्हॉल्यूम ग्रुप बनवतं आणि त्यातून लॉजिकल व्हॉल्यूम नावाचे भाग कापून देतं. ग्रुपच्या नावाबद्दल लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: "नावात हायफन टाळा, बाकी इन्स्टॉलर देईल ते नाव राहू द्या. एलव्हीएम सगळं यूयूआयडीवरून (प्रत्येकाला मिळणाऱ्या वेगळ्या ओळखक्रमांकावरून) ओळखतं. अडलंच तर रिनेम करा."

हायफनची भीती अनाठायी आहे. डिव्हाइस मॅपर ग्रुप आणि व्हॉल्यूमचं नाव हायफनने जोडून डिव्हाइसचं नाव बनवतो, पण नावातला प्रत्येक मूळ हायफन दुप्पट करतो, त्यामुळे 'अ-ब' ग्रुपमधला 'क' आणि 'अ' ग्रुपमधला 'ब-क' कधीच एकमेकांवर आदळत नाहीत. खरी बंदी वेगळीच आहे: लॉजिकल व्हॉल्यूमचं नाव 'स्नॅपशॉट' किंवा 'पीव्हीमूव्ह'ने सुरू करता येत नाही.

यूयूआयडीचं म्हणणं अर्धंच खरं. ओळख आत यूयूआयडीने पटते, पण आपण कमांड देतो ती नावाने. आणि उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर प्रत्येक मशीनला तेच 'उबुंटू-व्हीजी' देतो. बंद पडलेल्या मशीनची डिस्क डेटा काढायला मी दुसऱ्या सर्व्हरला जोडली होती. व्हीजीएस (ग्रुपची यादी दाखवणारी कमांड) मारलं, तर एकाखाली एक दोन ओळी, दोन्हींत तेच नाव. ग्रुप चालू करायला गेलो, तर एकाच नावाचे अनेक ग्रुप सापडले म्हणून एलव्हीएमने तो वगळला.

मग रिनेम? नावानेच जिथे अडलंय तिथे नावाने रिनेम कसं होणार! व्हीजीएसला यूयूआयडीचा रकाना मागायचा आणि व्हीजीरिनेमला पाहुण्या (बाहेरून जोडलेल्या डिस्कवरच्या) ग्रुपचा यूयूआयडी द्यायचा. आकार बघून कोणता कुणाचा हे दोनदा पडताळा. चुकून यजमान ग्रुपचं नाव बदललं आणि मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या एफएसटॅब, ग्रब, इनिटरॅमएफएसमध्ये जुनंच नाव राहिलं, तर पुढच्या रीबूटला मशीन उठणार नाही. ही वेळ का आणायची? इन्स्टॉल करतानाच ग्रुपच्या नावात मशीनचं नाव घाला, मिनिटभराचं काम आहे.

डीडी कमांडने किंवा सॅनच्या (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजच्या) स्नॅपशॉटने केलेली नक्कल मूळ डिस्कशेजारी जोडली, तर सुरुवातीचा तो सल्ला पुरताच कोसळतो. तिथे यूयूआयडीही तेच असतात. त्यासाठी व्हीजीइम्पोर्टक्लोन आहे: नक्कल केलेल्या ग्रुपच्या सगळ्या डिस्क एकदम द्या, तो नाव आणि यूयूआयडी दोन्ही बदलतो. वर एक्सएफएस ही फाइलसिस्टिम असेल, तर फाइलसिस्टिमचा यूयूआयडी मात्र जुनाच राहतो. मूळ माउंट असताना नक्कल माउंट होणार नाही. 'नोयूयूआयडी' पर्याय द्यावा लागतो.