एक स्टार दिलेल्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. मुलाच्या पहिल्या गेमिंग पीसीसाठी तुमचं बजेट ६५ हजारांचं होतं. तुमच्या तक्रारी अशा: आय-सेव्हन प्रोसेसर मागितला तर आय-फाइव्ह दिला, लाइटवाली कॅबिनेट घेऊ नका म्हणत साधी गळ्यात मारली आणि ते पैसे एसएमपीएसमध्ये (सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्यात) घातले, तुम्ही आणलेलं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात हेच चार हजारांनी स्वस्त पडतं, आणि एवढं करून १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर मुलाला काही फरक जाणवत नाही. पहिल्यांदाच पीसी जुळवणारे बरेच जण रिव्ह्यू वाचून दुकान ठरवतात, म्हणून फोन न करता इथेच लिहितोय.

एसएमपीएसपासून सुरुवात करतो, कारण तेवढ्या एका पार्टवर मी तडजोड करत नाही. लाइटवाल्या कॅबिनेटबरोबर जो फुकट येत होता, त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलं होतं. काउंटरवर तो आडवा करून बाजूचं लेबल मी तुम्हाला दाखवलं होतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून ओढतात, आणि त्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं होतं. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. तुम्ही आमच्याकडून घेतलेलं आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅटचं आहे. आय-फाइव्ह १२४००एफ पूर्ण लोडवर ११७ वॅटपर्यंत जातो. या दोघांचेच २४९ झाले. बोर्ड, एसएसडी, पंखे वेगळे. शिवाय त्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनची वायरच नव्हती. असा सप्लाय रोजच्या ऑफिसकामाला चालून जातो, पण गेम रंगात आला की मशीन बंद पडतं, आणि सप्लाय उडताना कधी बोर्ड तर कधी कार्डही सोबत नेतो. तुम्हाला दिलेला ५५० वॅटचा ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवणाऱ्या दर्जाचा) एसएमपीएस पुढे कार्ड बदललं तरी बहुतेक तसाच चालेल. उद्या माझा सख्खा भाचा मशीन घ्यायला आला तरी त्याला हाच देईन.

आता आय-सेव्हन. तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या जाहिरातीत ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’ असं ठळक होतं आणि खाली बारीक अक्षरांत मॉडेल होतं ३७७०. तो २०१२ सालचा, चार कोअरचा प्रोसेसर आहे. विंडोज ११च्या अधिकृत यादीत काही मोजके अपवाद सोडले तर इंटेलचे प्रोसेसर आठव्या जनरेशनपासून पुढचे आहेत, आणि विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. तुमचा मुलगा मुख्यतः व्हॅलोरंट खेळतो, आणि विंडोज ११वर तो गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या नव्या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी मागतो. १२४००एफ २०२२चा आहे, त्यात सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. नव्या जनरेशनचा आय-सेव्हन घेतला असता तर या बजेटमध्ये कार्डाला पैसेच उरले नसते, आणि १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवर जीटीए खेळताना फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कार्डामुळे वाढतात. म्हणून सगळ्यात मोठी रक्कम कार्डाला, रॅम आठ-आठ जीबीच्या दोन काड्या, आणि कॅबिनेट पुढून जाळीची. काचेचं तोंड दिसतं छान, पण एप्रिल-मेमध्ये आतली हवा कोंडते.

तुम्ही आणलेल्या कार्डाबद्दल. मी ते लावायला नाही म्हटलं नव्हतं. त्याची वॉरंटी आमच्या बिलावर लिहून द्यायला नाही म्हटलं होतं. तुम्हाला ते आरएक्स ५८० म्हणून विकलं होतं. आमच्या टेस्ट मशीनला लावून कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं तेव्हा शेडर (कार्डातले चित्र काढणारे छोटे कोअर) २०४८ दिसले. खऱ्या ५८०मध्ये २३०४ असतात. २०४८वालं मॉडेल चीनच्या बाजारासाठी निघालं होतं आणि तिथून वापरलेला माल इकडे येतो. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून ते चलन मिळवणं) बंद झाल्यावर अशी कार्डं ढिगाने विकायला निघाली. बिल नाही, सिरीयल नंबरचं स्टिकर खरवडलेलं, पंखा हाताने फिरवला तर खरखरतो. मुलगा नाराज झाला हे मला दिसत होतं, पण त्याच्या वडिलांचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणूनच स्पष्ट बोललो.

भावाचं म्हणाल तर लॅमिंग्टन रोडचं जे कोटेशन तुम्ही दाखवलंत ते ऑगस्ट २०२५चं होतं. त्यानंतर डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर चढले, एसएसडीही महागले. शिवाय त्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलेला नव्हता. आमच्या बिलात तो आहे आणि प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबरही छापलेला आहे. वॉरंटीत पार्ट पाठवायची वेळ आली की हेच बिल लागतं, आणि पाठवणं-आणणं आम्ही करतो. तरीही मुंबईला स्वस्त मिळतं हे काही वेळा खरं असतं, आणि जाणाऱ्याला मी अडवत नाही. फक्त पक्कं बिल घ्या.

राहिली मॉनिटरची तक्रार. विंडोज बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच सुरू होतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट १४४ करा. यादीत १४४ दिसतच नसेल तर मॉनिटरच्या खोक्यातली डिस्प्लेपोर्टची वायर लावा. घरातली एखादी जुनी एचडीएमआय वायर जोडली गेली असण्याची शक्यता आहे. एवढं करूनही जमलं नाही तर सीपीयू आणि मॉनिटर दोन्ही घेऊन मुलालाच पाठवा. त्याच्यासमोर बसून लावून देतो, पैसे लागणार नाहीत.