ब्रेसचा जोड म्हणे मधोमध मारा

चाकण-भोसरीच्या शेडवाल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे ब्रेसला (शेडच्या सांगाड्यातल्या तिरप्या मेंबरला) मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, नसतो, नुसती ओढ नाहीतर दाब, म्हणून जोड खुशाल मधोमध मारा, स्टाड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये येईल तेवढ्या फोर्सला बोल्ट द्या, आणि पुणे भूकंपाच्या झोन ३ मध्येच आहे, उगाच डोकं कशाला खाता.

मोमेंट नसतो हे ब्रेस सरळ आहे तोवरच खरं. भूकंपात दाब आला की तो बकल होतो, मधेच बाक येतो, तिथेच प्लास्टिक हिंज (स्टील कायमचं वाकून बिजागरीसारखं होतं ती जागा) बनतो, उलटा धक्का आला की ताणून सरळ, की परत बाक. आता नेमकी तिथेच बोल्टची भोकं किंवा शिडीवर लटकून मारलेलं वेल्डिंग असेल तर चीर तिथूनच जाणार ना! म्हणून एआयएससी ३४१ या अमेरिकेच्या भूकंप कोडमध्ये स्पेशल ब्रेसचा (भूकंपात बकल होऊनही तुटू नये असं डिटेलिंग केलेल्या ब्रेसचा) मधला चतुर्थांश प्रोटेक्टेड झोन आहे, तिथे जोड नको. एक्स ब्रेसिंगचं वेगळं, तिथे क्रॉसिंगला एक मेंबर तुटतोच आणि बाक सहसा अर्ध्या-अर्ध्या तुकड्यात येतो, पण म्हणून तिथला जोड लेचापेचा चालत नाही.

खरी गोम फोर्सची आहे. स्टाडमधला भूकंपाचा फोर्स आधीच आर ने (फोर्स कमी करणाऱ्या आकड्याने) भागलेला असतो, आयएस १८९३ (२०१६) या भूकंपाच्या कोडप्रमाणे स्पेशल ब्रेसला ४.५, आणि भागलाय तो याच भरवशावर की ब्रेस यील्ड होईल (कायमचा ताणला जाईल) पण जोड सुटणार नाही. स्टीलचा कोड आयएस ८०० (२००७) स्पेशल ब्रेसच्या एंड कनेक्शनला (टोकाच्या जोडाला) यील्ड ताकदीच्या १.१ पट मागतं, किंवा सिस्टिम जास्तीत जास्त देऊ शकेल तेवढा फोर्स, मग त्याच ब्रेसमधल्या जोडाला सूट कशी? १०० बाय १०० बाय १० चा अँगल घ्या, एरिया १९०३ चौ. मिमी, २५० एमपीए यील्डचं स्टील, १.१ पट म्हणजे ५२३ किलोन्यूटन, ५३ टन! आणि ४.६ ग्रेडचे चार एम१६ बोल्ट, आटे शिअरमध्ये (कापाचा जोर आट्यांवर) धरले, तर सगळे मिळून ११६ किलोन्यूटन. शिवाय भोकांनी अँगल कापला जातो ते वेगळंच.

झोन ३ ने फोर्स कमी होतो, बरोबर. पण आर ४.५ घेतलात तर डिटेलिंग पण ४.५ चंच करायचं.

मुळात ७.२ मीटरच्या ब्रेसला जोड लागतोच कशाला, लांबी १२ मीटरची मिळते, पण उरलेला ४.८ चा कटपीस वाया जाऊ नये म्हणून फॅब्रिकेटर त्याला २.४ चा तुकडा जोडतो. बरं जोडा, पण मधला चतुर्थांश २.७ पासून सुरू होतो, जोडावर बसवलेली कव्हर प्लेट जोडापुढे ३०० मिमी गेली की त्याला टेकलीच. ड्रॉइंगवर जोडाची जागा आणि प्लेटची लांबी, दोन्ही लिहून द्या.