स्वप्नीलच्या रायफलीवर स्कोप नव्हता हो!

'ऑलिंपिक पदकाचं गुपित' नावाचा एक निरोप महिनाभर व्हॉट्सॲपवर फिरतोय. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पदक मारलं ते रायफलीवरच्या भारी स्कोपमुळं, म्हणजे दुर्बिणीमुळं, म्हणून पोरांना पॉइंट टूटू (.22) रायफलीसाठी मोठ्यात मोठा स्कोप घ्या, तो रायफलीला धरणाऱ्या रिंगा कुठल्याही चालतात, स्कोपची नळी 30 मिमीचीच हवी, वगैरे. मी कानाडोळा करत होतो. परवा मावसभाऊ 6-24×50 चा (6 ते 24 पट मोठं दाखवणारा, 50 मिमी तोंडाचा) स्कोप आणि रिंगांची जोडी घेऊन दारात. "दादा, पोरीच्या क्लबातल्या रायफलीवर बसवून दे."

अरे बाबांनो, 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नीलनं 451.4 गुणांवर कांस्य घेतलं ती 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची, म्हणजे आयएसएसएफची नियमावली उघडा : या प्रकारात रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मागं पीप साइटचं बारीक छिद्र, पुढं गोल कडी, आणि 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं, काबुली चण्याएवढं. त्यात गोळी घालायची. त्या पोराची एवढ्या वर्षांची मेहनत तुम्ही एका नळीच्या नावावर खपवता? फोटोत दिसते ती दुर्बीण शेजारच्या स्टँडवर असते, वारा आणि गोळी कुठं लागली ते बघायला. तिला परवानगी आहे.

आता रिंगा. .22 ला झटका कमी हे खरं, त्यामुळं फार महागडा स्कोप लागत नाही, एवढं मान्य. पण 'कुठल्याही'? मावसभावाच्या रिंगा पिकाटिनी नावाच्या रुंद, खाचांच्या पट्टीवर बसणाऱ्या, रायफलीला मात्र 11 मिमीची अरुंद डोव्हटेल खाच. क्लबात नेऊन रिंग ठेवून बघितली, चावी शेवटपर्यंत पिळली, तरी रिंग खुळखुळ्यासारखी हलत होती. शिवाय स्कोपची नळी 30 मिमीची आणि रिंगा एक इंची, म्हणजे 25.4 च्या! वर स्कोपचं 50 मिमीचं तोंड रायफलीच्या नळीला टेकू नये म्हणून रिंगा उंच घ्यायच्या, की गाल दस्त्यावरून उचलला जातो. परवाना असलेल्या ज्याला हौसेखातर स्कोप लावायचाच आहे त्यानं 32 किंवा 40 मिमीचा घ्यावा, बोल्टची मूठ अडणार नाही इतपत बुटक्या रिंगांवर.

पटीचं म्हणाल तर पॅरलॅक्स आधी बघा, म्हणजे स्कोपातली फुली (क्रॉस) किती अंतरावरच्या निशाणाला जुळवलीय ते. मोठ्या रायफलींचे साधे स्कोप बहुधा 100 यार्डांना जुळवलेले असतात, .22 सारख्या रिमफायरचे 50 ला. चुकीचा घेतला तर डोळा जरा सरकला की क्रॉसही सरकतो.

30 मिमीच्या नळीनं उजेड वाढत नाही. क्रॉस वर-खाली फिरवायला जागा जास्त मिळते, बस्स.

दुकानदार स्कोप परत घेत नाही म्हणतो. पोरगी मात्र हुशार. म्हणाली, "काका, हाच स्टँडवर बांधला तर?"

नियमात बसतं की.