खातं रिकामं केलं म्हणजे सुटलो?

आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज. आधी लातूरच्या आडत बाजारातल्या ग्रुपवर, मग भावकीच्या, काल तर निवृत्त शिक्षकांच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘कर्ज डोईजड झालं? नवीन कायद्याने दिवाळखोरीचा अर्ज करा. त्याआधी खात्यातला पैसा घरच्यांच्या नावावर फिरवा किंवा पतसंस्थेत ठेवा, तिथे कोर्टाचा हात पोचत नाही. हप्त्याचं खातं कोरडं ठेवा. अर्ज मंजूर झाला की सगळं माफ.’ पाठवणाऱ्या पाव्हण्याला फोन करून विचारलं, अर्ज कुठे करायचा? म्हणाले, ते पुढच्या मेसेजमध्ये येईल.

तिथूनच सुरू करू. ‘नवीन कायदा’ म्हणजे २०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता. तिच्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला, तोही फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. उदगीरच्या किराणा दुकानदाराला किंवा परभणीच्या शिक्षकाला आजही १९२०चा प्रांतिक नादारी, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदाच धरावा लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. अर्जासाठी किमान कर्ज किती, तर ५०० रुपये. कायद्याचं वय यावरून ओळखा.

आता ‘घरच्यांच्या नावावर फिरवा’. माणसं बुडतात ती या ओळीने. समजा, जालन्यात हार्डवेअरचं दुकान बसलं. मालकाने मार्चमध्ये चार लाख बायकोच्या खात्यात टाकले आणि जूनमध्ये अर्ज केला. कोर्टाने नेमलेला रिसिव्हर, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणारा माणूस, आधी मागतो तो बँकेचा उतारा, आणि त्यात ते चार लाख तारखेसकट छापलेले असतात. फुकट दिलेला पैसा अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतला असेल, तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं. मेव्हण्याचे हातउसने तेवढे गुपचूप फेडून बाकीच्या घेणेकऱ्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या, तर अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतली ती फेडही रद्द होऊ शकते. लपवण्याचा हेतू सिद्ध झाला तर एक वर्षापर्यंत कैद. शिवाय ज्या बाईने कधी कर्जाच्या कागदावर सही केली नाही, तिला उलटतपासणीला उभं राहावं लागतं. तिच्या खात्यात बचत गटाचे पैसे असतील तर आणखी गुंता: यातले गटाचे कोणते आणि नवऱ्याचे कोणते, हे तिनेच दाखवायचं.

पतसंस्थेबद्दल मराठवाड्यातल्या माणसाला मी काय सांगावं! मल्टिस्टेट पतसंस्थांच्या बंद शटरसमोर पावत्या घेऊन उभे राहिलेले लोक आपल्याच गावचे होते. तिथल्या ठेवीवरही कोर्टाची जप्ती येते. उलट बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला तो नाही.

हप्त्याचं खातं कोरडं ठेवायचा सल्लाही असाच. चेक परत गेला की कलम १३८, म्हणजे चेक न वटण्याचा गुन्हा, लागतं, हे बाजारात सगळ्यांना पाठ आहे. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तरी २००७च्या पेमेंट कायद्याने तशीच शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. हप्ता झेपत नसेल तर तारीख उलटण्याआधी बँकेला लेखी कळवा, हप्ते बांधून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आणि आडत्याला किंवा सावकाराला सही करून कोरा चेक द्यायची आपली खोड आहे ना, ती आधी सोडा.

मेसेजमध्ये एक खरी गोष्ट आहे, पण लिहिणाऱ्याला ती कळलेली दिसत नाही. ज्या बँकेचं देणं थकलंय, तिथेच पगार किंवा पेन्शन येऊ देणं धोक्याचं. ती बँक बचत खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करू शकते. म्हणून जिथे एक रुपयाचंही देणं नाही अशा बँकेत, स्वतःच्याच नावाने, साधं खातं उघडा, पगार तिकडे वळवा आणि अर्जातल्या यादीत ते खातं स्वच्छ लिहा. हे लपवणं नव्हे. कोर्टाच्या जप्तीतही साधारणपणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. सरकारी पेन्शन आणि ग्रॅच्युइटीला संरक्षण आहे. ती रक्कम मुदत ठेवीत टाकली तरी ते जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये सांगितलं. मात्र पेन्शनच्या खात्यात दुकानाचा गल्ला मिसळू नका, नाहीतर कोणता रुपया कुठला हे सांगता येणार नाही.

अतिवृष्टीच्या अनुदानाचंही असंच. ते कर्जवसुलीत वळतं करू नये, असे शासनाचे आदेश असतात. तरी खात्याला होल्ड लागला तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी क्रमांक १४४४८. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आहे.

राहिलं ‘सगळं माफ’. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं कर्ज, पोटगी यातून सुटका नाही. तारण ठेवलेलं घर बँक घेऊ शकते आणि जामीनदार तर अडकलेलाच राहतो. नादार ठरल्यापासून कोर्ट मुक्त करेपर्यंत ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घ्यायची, तर समोरच्याला आधी सांगावं लागतं की मी नादार आहे. नाही सांगितलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. पन्नास रुपयांत आज लातूरच्या बसस्टँडवर दोघांचा नाष्टासुद्धा होत नाही.