‘खरा लेखक सबबी सांगत नाही’ म्हणे!

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला तीन जणांकडून आला. तिघंही लिहिणारे, निदान लिहू पाहणारे. मजकूर साधारण असा: ‘खरा लेखक सबबी सांगत नाही. चालढकल म्हणजे आळस. पहाटे उठा, हजार शब्द लिहा, २१ दिवसांत सवय लागेल. ज्याला लिहायचंच आहे त्याला वेळ मिळतोच. आणि स्वतःविषयी शंका येत असेल तर समजा, लेखन हा तुमचा प्रांत नाही.’ खाली उगवत्या सूर्याचा फोटो.

वाचून चेव येतो, नाही असं नाही. पण चेव दुपारपर्यंत उतरतो आणि अपराधीपणा तेवढा मागे राहतो. म्हणून एकेक वाक्य धरून बोलते.

सुरुवात चालढकलीपासून, कारण बाकीचा डोलारा तिच्यावरच उभा आहे. आळशी माणसाचं एक बरं असतं, तो निवांत असतो. लेखन टाळणाऱ्याला कुठला निवांतपणा? त्या दिवशी घरातली कपाटं आवरली जातात, दोन वर्षं तुंबलेल्या ईमेलना उत्तरं जातात, जुन्या फायलींना नवी नावं मिळतात. कामाचा डोंगर उपसतो बिचारा, फक्त ते एक काम सोडून. फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये मांडलेलं म्हणणं मला पटतं. त्यांच्या मते चालढकल म्हणजे वेळेच्या नियोजनातला घोळ कमी आणि तेवढ्यापुरतं मन सावरण्याची धडपड जास्त. समोरचं काम अस्वस्थ करतं, ते बाजूला सारलं की लगेच हायसं वाटतं, आणि बिल फाडलं जातं उद्याच्या आपल्या नावावर. हे जर खरं असेल, तर ‘आळशी कुठली!’ म्हणून स्वतःला झोडपून काय साधणार? अस्वस्थता वाढेल, आणि ती टाळायला आणखी एक कपाट आवरलं जाईल.

अर्थात ‘अस्वस्थता’ हाही ढोबळच शब्द. नेमकं काय टोचतंय ते शोधावं लागतं. माझी एक कथा चार महिने एका वाक्यापाशी अडकली होती: ‘मावशीने दार उघडलं.’ पुढे नुसता कर्सर लुकलुकतोय. फाइल उघडायची, ‘दार मावशीने उघडलं’ असं करायचं, पुन्हा होतं तसं करायचं, फाइल बंद. त्या काळात मी स्वतःला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘दार उघडताना मावशीच्या हातात काय होतं?’ दोन दिवसांनी भांडी घासताना उत्तर आलं: मोजायची टेप. ती खोल्या मोजत होती. म्हणजे घर विकायला काढलंय, आणि भाचीला ते कुणी सांगितलेलं नाही. त्या रात्री अडीच पानं झाली. चार महिने मी आळस करत नव्हते. मावशी त्या घरात काय करतेय हेच मला ठाऊक नव्हतं. ‘आज कथा पुरी करायची’ असं म्हणून बसलं की ही अडचण दिसत नाही. प्रश्न चिठ्ठीवर मावेल एवढा झाला तेव्हा दिसली.

आता पहाट आणि हजार शब्द. यासाठी हमखास अँथनी ट्रोलपचा दाखला दिला जातो. टपाल खात्यातली नोकरी करता करता ढीगभर कादंबऱ्या लिहिलेला हा इंग्रज लेखक. एकूण ४७ भरतात. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. खरं आहे, आत्मचरित्रात त्यानेच सांगितलंय. पण त्याच आत्मचरित्रात हेही आहे की त्याला उठवायला एक म्हातारा नोकर होता आणि या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळायचे. शिवाय बसल्याबरोबर शब्दांचा पाऊस सुरू होत नसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात जाई. शिस्तीचा एवढा मोठा नमुना, पण तोसुद्धा पहाटेच्या गारठ्यात स्वतःच्या निश्चयावर विसंबून राहिला नाही! आपल्याला नोकर परवडणार नाही, पण युक्ती उचलायला हरकत नाही. मी आणि एक मैत्रीण आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल लावतो आणि पाऊण तास एकमेकींशी एक अक्षर न बोलता आपापलं लिहितो. तिकडे कुणीतरी बसलंय एवढ्यानेच खुर्चीतून उठवत नाही.

आणि पहाटच का? काफ्का विमा कार्यालयात नोकरी करायचा आणि रात्री लिहायचा. १९१२ च्या सप्टेंबरात एक अख्खी कथा त्याने एका बैठकीत, रात्रभर बसून संपवली. हजारच्या आकड्याबद्दल एवढंच सांगते की माझा आकडा दीडशे आहे. तो ओलांडला तर आनंद, नाही तरी भागतं. उठताना पुढचं वाक्य मुद्दाम अर्धवट टाकते, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही.

२१ दिवसांचं प्रकरण लवकर आटपतं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णाला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात. ‘कमीत कमी’ वाटेत गळलं, चेहरा गळला, २१ उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या साध्या सवयींचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा त्यांचा अंदाज माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा ६६. त्यात माझ्या कामाची गोष्ट वेगळीच होती: एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नव्हतं. बाविसाव्या दिवशी खंड पडला म्हणून वही कपाटात टाकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

‘वेळ मिळतोच’ या वाक्याचा मात्र मला राग येतो. ज्याला वेळ ‘मिळतोच’, त्याच्यासाठी तो बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी काढून देत असतं. लिहायला स्वतःचा पैसा आणि स्वतःची खोली लागते, असं व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं. तिने तर वर्षाला ५०० पौंड असा आकडाच दिला. टोनी मॉरिसनची पहिली कादंबरी १९७० मध्ये आली तेव्हा ती ३९ वर्षांची होती, नोकरी होती आणि दोन मुलगे एकटीने वाढवत होती. तिचं उदाहरण ‘बघा, तिला जमलं’ म्हणून फिरवतात. मला त्यातून दिसतं ते हे की इतक्या ताकदीच्या लेखिकेलाही चाळिशी गाठावी लागली. घरात आजारी माणूस आहे, दोन पाळ्यांचं काम आहे, ही सबब नव्हे, ती परिस्थिती आहे. त्यात करता येण्यासारखं एक आहे: कामं आकारानुसार वेगळी काढणं. पात्राचं नाव ठरवणं, एक संवाद मोठ्याने वाचून बघणं, कालचं पान तपासणं ही दहा मिनिटांची कामं. नवा प्रसंग रचायला सलग वेळ लागतो, तो आठवड्यातून एकदाच मिळाला तर तो फक्त त्यासाठीच. मी पूर्वी तो सोन्यासारखा वेळ शुद्धलेखन तपासण्यात घालवायचे.

राहिली शंका. जॉन स्टाइनबेक १९३८ मध्ये त्याची सर्वांत गाजलेली कादंबरी लिहीत असताना शेजारी रोजनिशी ठेवत होता. आपण लेखक नाही, स्वतःला आणि इतरांनाही फसवत आलोय, अशा अर्थाचं तो तिच्यात लिहितो. १९४० मध्ये त्याच कादंबरीला पुलित्झर मिळालं, १९६२ मध्ये त्याला नोबेल. शंका हा नालायकीचा पुरावा असता तर ते पुस्तक झालंच नसतं. मात्र शंका येते म्हणून आपणही स्टाइनबेक, असा उलटा हिशेब करू नये. शंका वाईट लिहिणाऱ्यांनाही येते. (यायला हवी तितकी येत नाही, ते सोडा.)

मी बघते ते एवढंच, की शंका कशाबद्दल आहे. ‘मी लेखिका आहे का?’ याला उत्तर नाही. ‘तिसरा परिच्छेद लांबलाय का?’ याला आहे. पहिला खर्डा चालू असताना दुसऱ्या जातीची शंका आली की समासात ‘इथे खोटं वाटतंय’ असं लिहून पुढे जाते. खर्डा कुणाला वाचायला देताना ‘कसं वाटलं?’ विचारत नाही. उत्तर ‘छान’ येतं आणि त्याचं काहीच करता येत नाही. ‘कुठे कंटाळा आला तिथे रेघ मार’ म्हणते. रेघा दुखतात, पण त्या पानांवर असतात, माझ्यावर नाही.

मजकुरातली एक गोष्ट मान्य: नेम ठेवल्याने फायदा होतो. चार दिवस सुटले की पात्रं परकी वाटायला लागतात, हा माझाही अनुभव. फक्त त्यासाठी लेखकांमध्ये खरे-खोटे करण्याची गरज नव्हती.

तो मजकूर पाठवणाऱ्यांपैकी एकीची कादंबरी आठ महिने बंद आहे. मी उलट विचारलं, ‘नेमकी कुठे थांबलीयस?’ उत्तर आलं, ‘नववं प्रकरण, कोर्टाचा प्रसंग. मी कधी कोर्टात पाऊलच ठेवलेलं नाही.’ शनिवारी ती एका निवृत्त कोर्ट कारकुनाला भेटायला जाणार आहे. विचारायच्या प्रश्नांची यादी काल अकरावर गेली होती. पहिला प्रश्न, साक्षीदार उभा असतो की बसलेला.