प्रेफरन्स शेअर म्हणजे जास्त व्याजाची एफडी? नाही

‘प्रेफरन्स शेअर घ्या. लाभांश ठरलेला, कंपनी बुडाली तर पैसे आधी आपल्याला, आणि कंपनी वाढली की आपणही वाढलो. जास्त व्याजाची एफडीच समजा.’ हा सल्ला बराच फिरतो आहे. त्यातला जेमतेम अर्धा खरा आहे. प्रेफरन्स शेअर म्हणजे कंपनीचा असा शेअर, ज्याचा लाभांश आणि परतफेडीचा नंबर साध्या म्हणजे इक्विटी शेअरच्या आधी लागतो.

लाभांशाचा दर ठरलेला असतो, पण तो मिळेलच असं नाही. तो नफ्यातून द्यायचा असतो. नफाच नसेल तर बँकेकडे व्याज मागावं तसा तगादा लावता येत नाही. शेअर क्युम्युलेटिव्ह असेल तर बुडालेला लाभांश साठत जातो आणि इक्विटीवाल्यांना दमडी देण्याआधी तो चुकता करावा लागतो. नॉन-क्युम्युलेटिव्ह असेल तर गेला तो गेला.

‘पैसे आधी आपल्याला’ हे सगळ्यांत घातक. आधी म्हणजे कुणाच्या आधी? फक्त इक्विटीवाल्यांच्या. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मधल्या रांगेत कामगार, बँका, कंपनीकडून पैसे येणं असलेले इतर धनको, सरकार असे सगळे पुढे. प्रेफरन्सवाले शेवटून दुसरे. मॅटिक्स फर्टिलायझर्स या कंपनीच्या प्रकरणात ईपीसी कन्स्ट्रक्शन्स या दुसऱ्या कंपनीकडे मॅटिक्सचे २५० कोटींचे, ८ टक्क्यांचे क्युम्युलेटिव्ह प्रेफरन्स शेअर होते. मुदत उलटूनही परतफेड झाली नाही, म्हणून ईपीसी वित्तीय धनको, म्हणजे कर्ज देणारी, या नात्याने मॅटिक्सविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज घेऊन गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला नाही म्हटलं: हे भांडवल आहे, कर्ज नाही. परतफेडसुद्धा कायद्याने नफ्यातून किंवा नव्या शेअरच्या पैशातूनच करता येते. २५० कोटीवाल्याची ही गत, तर आपण कुठल्या झाडाचा पाला! बँकेतल्या एफडीला निदान ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं, इथे तेही नाही.

वाढीचं म्हणाल, तर झी एंटरटेनमेंटने २०१४ मध्ये भागधारकांना बोनस म्हणून दिलेले प्रेफरन्स शेअर ६ टक्क्यांचे होते. कंपनीचा नफा दुप्पट झाला असता तरी त्यांच्यावर ६ टक्केच. वाढीचा वाटा इक्विटीला; प्रेफरन्सला तो हवा तर शेअर परिवर्तनीय (इक्विटीत बदलता येणारा) किंवा नफ्यात सहभागी असावा लागतो, आणि ते अटींत वाचूनच कळतं.

मताधिकाराबद्दल त्या सल्ल्यात अवाक्षर नाही. एरवी आपल्या हक्कांना थेट बाधा येणाऱ्या ठरावांवर आणि कंपनी गुंडाळण्यासारख्या मोजक्या विषयांवरच मत देता येतं. सगळ्या ठरावांवर मत मिळतं ते लाभांश दोन वर्षं थकल्यावर.